बोलून लिहावे, ऐकून तपासावे : डिस्लेक्सियाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीविषयी, लिहिताना मी एक गोष्ट प्रथमच सांगितली, ती अशी की मला स्वतःला डिस्लेक्सिया आहे आणि हा स्तंभ मी हाताने लिहीत नाही. मी फोनला सांगते आणि फोन तो लिहून घेतो. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे सोलापूर शहरातूनच आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट इतर पत्रांच्याही मुळाशी आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३४ असून अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी सुपरवायझर आहे. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो आणि शाळा सुटली. माग कुठे बिघडला आहे हे मला नुसत्या आवाजावरून कळते; पण दोन ओळींची चिठ्ठी लिहायची म्हटले की घाम फुटतो आणि एकच शब्द एकाच चिठ्ठीत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. तीन वर्षांपासून मी फोनच्या माइकवर बोलून कारखान्याच्या ग्रुपवर मजकूर पाठवतो. गेल्या महिन्यात मी "साडेतीनशे डझन आज पाठवा" असे बोललो आणि फोनने "सारे तीनशे डझन आज पाठवा" असे लिहिले. पाठवण्याआधी मी ते दोनदा वाचले होते, तरी मला ते दिसले नाही. पन्नास डझन माल कमी गेला. मालक सर्वांसमोर म्हणाले, "पाठवायच्या आधी एकदा वाचायला काय होतं?" मी गप्प बसलो. मला डिस्लेक्सिया असेल का? फोनच्या सवयीने जे थोडेफार लिहिता येते तेही जाईल का? आणि हे मालकांना सांगावे का?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : तुम्ही ते दोनदा वाचले होते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. डोळ्यांनी आणखी दहा वेळा वाचले असते तरी ती चूक तुम्हाला सापडली असतीच असे नाही, आणि याचे कारण तुमच्या निष्काळजीपणात नाही.

हाताने लिहिणाऱ्याची चूक आणि फोनची चूक या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. हाताने लिहिताना तुमच्याकडून "साडे"चे "साढे" झाले असते, तर समोरच्याला शब्द चुकल्याचे लगेच कळले असते आणि अर्थही लागला असता. बोललेले लिहून घेणारी प्रणाली शुद्धलेखनाची चूक क्वचितच करते. ती आवाजाचे अगदी बारीक तुकडे पाडते, त्यांच्याशी कोणते उच्चार जुळतात ते पाहते, आणि ज्या अफाट मजकुरावर ती शिकलेली असते त्याच्या आधारे या ठिकाणी कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, याचा अंदाज बांधून शब्द निवडते. त्यामुळे तिची चूक बहुतेक वेळा नीट लिहिलेल्या, अर्थपूर्ण, पण तुम्ही न उच्चारलेल्या शब्दाच्या रूपात येते. "सारे तीनशे डझन आज पाठवा" हे मराठी वाक्य म्हणून निर्दोष आहे. माल पाठवणाऱ्या माणसाला शंका येण्याचे काही कारणच नव्हते.

आता डोळ्यांचा भाग. ज्याला वाचन सहज जमते त्याची नजर "साडे" आणि "सारे" यांतला फरक श्रमाशिवाय टिपते, कारण अक्षर आणि उच्चार यांची जोडी त्याच्या मनात घट्ट बसलेली असते. डिस्लेक्सियात नेमकी हीच जोडी सैल राहते. आपण शब्दाचा पहिला भाग आणि एकंदर आकार पाहतो आणि उरलेले अर्थावरून भरून काढतो. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर असेल तर हे भरून काढणे निदान अडखळत तरी होते. मजकूर स्वतःच बोललेला असेल तर काय बोललो ते डोक्यात ताजे असते आणि आपण कागदावरचे न वाचता डोक्यातले वाचतो.

मी हे अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या आईला मी असाच बोलून निरोप पाठवला. मला म्हणायचे होते, "तुमचा मुलगा बुद्धीने कमी नाही." "कमी" या शब्दावर मी क्षणभर थांबले, कारण दारात कोणी तरी आले होते, आणि तेवढ्यात माइक बंद झाला. त्या बाईंना मिळालेला निरोप होता, "तुमचा मुलगा बुद्धीने कमी". संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, काही न बोलता त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांच्या हातातला तो मजकूर मी वाचला आणि पहिल्या वाचनात मला तिथे नसलेले "नाही" दिसले. त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा ते नसल्याचे मला कळले.

त्या दिवसापासून मी एकही मजकूर डोळ्यांनी तपासून पाठवलेला नाही. फोन जसा लिहून घेतो तसा वाचूनही दाखवतो, आणि वाचून दाखवणाऱ्या आवाजाला माझ्या मनात काय होते याची कल्पना नसते. जे लिहिले आहे तेच तो उच्चारतो. डोळ्याला न दिसलेले "सारे" कानाला तत्काळ खटकते. मागाचा बिघाड आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला तर ते नक्कीच खटकेल. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" या विभागात "सिलेक्ट टू स्पीक" नावाची सोय असते. काही फोनमध्ये ती एखाद्या पोटविभागात सापडते. ती चालू केली, मजकूर वाचून दाखवण्याच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडली आणि मराठी आवाज उतरवून घेतला, की पडद्यावरच्या मजकुरावर बोट ठेवताच फोन तो वाचतो. कारखान्यात हे सर्वांसमोर करायला संकोच वाटत असेल तर एका कानात इअरफोन घालावा. एवढ्याशा मजकुराला काही सेकंद लागतात.

तुमच्या कामापुरत्या आणखी दोन गोष्टी सांगते. आकडे बोलताना साडे, सव्वा, पावणे हे शब्द टाळावेत. "साडेतीनशे" न म्हणता "तीनशे पन्नास" म्हणावे, आणि शक्य असेल तिथे आकडा बोटाने आकड्यातच दाबावा. डझन, किलो, सुताचा काउंट, बीमचा क्रमांक, तारीख यांपैकी कशाचाही आकडा नुसत्या आवाजावर सोडू नये. दुसरी गोष्ट आपल्या भाषेच्या घडणीशी संबंधित आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "तो माल आज पाठवायचा नाही" या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत शेवटी आहे, आणि बोलणारा थांबला की माइक बंद होतो तो नेमका तिथेच. म्हणून नकाराचे वाक्य एका दमात बोलावे, किंवा ते फिरवून घ्यावे: "तो माल थांबवा." "पाठवू नका" मधला "नका" गळला तर उलटा अर्थ होतो, "थांबवा" गळला तर वाक्य अपुरे राहते आणि समोरचा माणूस विचारतो.

तुम्हाला डिस्लेक्सिया आहे की नाही, हे पत्रावरून सांगणे योग्य होणार नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणे मात्र त्याच दिशेची आहेत. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने वापरात आणला, आणि १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका १४ वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, जो हुशार होता, बोलण्यात चुणचुणीत होता, पण वाचू शकत नव्हता. बुद्धी आणि वाचन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेव्हापासून माहीत आहे. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली असते, म्हणून वडील, काका, भावंडे यांपैकी कोणाला असा त्रास होता का, ते आठवून पाहा. इंग्रजीतच नापास होण्यामागेही कारण असू शकते. इंग्रजीत एकच अक्षर अनेक तऱ्हांनी उच्चारले जाते; देवनागरी पुष्कळ नियमित आहे. त्यामुळे मराठी माध्यमातल्या अशा मुलाचे मराठी वाचन हळू पण कसेबसे चालते आणि इंग्रजी पूर्ण कोसळते. देवनागरीचेही स्वतःचे कष्ट आहेत. "किलो" लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र क नंतर. "दर्जा" मध्ये र् चा उच्चार जा च्या आधी आणि रफार मात्र जा च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची गल्लत तर मी पन्नाशीतही करते. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन रीतसर तपासणी करून घ्या. इतक्या वर्षांनी नाव कळून काय उपयोग, असे मनात येईल. मला स्वतःला ते नाव वयाच्या ३१ व्या वर्षी कळले आणि त्यानंतर मी स्वतःला आळशी म्हणणे सोडले.

लिहिण्याची सवय जाईल का, या प्रश्नाचे उत्तर असे. लिहिण्यात दोन कामे एकत्र असतात. काय म्हणायचे ते ठरवणे आणि ते अक्षरांत उतरवणे. दुसऱ्या कामात आपली सगळी शक्ती खर्च होते, म्हणून पहिले काम अर्धवट राहते आणि लोकांना वाटते की याला काही सांगताच येत नाही. फोन फक्त दुसरे काम उचलतो. तरीही हात पूर्ण सोडू नये. रोजच्या कामातले वीसेक शब्द, म्हणजे डझन, चलन, बीम, रंग, पार्टी, शिल्लक यांसारखे, वहीत लिहून ठेवा आणि रोज त्यांतले पाच पाहून लिहा. फोन वाचून दाखवत असताना मजकुरावरून बोट फिरवा. उच्चार ऐकत अक्षर पाहिले की त्या दोहोंची ओळख हळूहळू वाढते.

मालकांना सांगावे, असे माझे मत आहे. मात्र ती कबुली म्हणून सांगू नये. काम कसे करणार आहात ते सांगावे. "मला वाचण्याची अडचण लहानपणापासून आहे. यापुढे मी प्रत्येक मजकूर फोनकडून वाचून घेईन, आकडे आकड्यातच पाठवीन, आणि माल निघण्याआधी पाठवणाऱ्याने तो आकडा मला फोनवर एकदा म्हणून दाखवावा." यात तुमची बाजूही येते आणि कारखान्याचे हितही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि डिस्लेक्सिया तिच्यात मोडतो, हेही तुम्हाला ठाऊक असावे. ते मालकांना ऐकवण्याची वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : माझ्या नातीला अक्षरे उलटी दिसतात असे वाटते. रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. खर्च मोठा आहे. करावा का?
– एक आजोबा, विजापूर रस्ता

उत्तर : करू नये. डिस्लेक्सियाचे मूळ डोळ्यांत नसून भाषेतील ध्वनी ओळखणे आणि ते अक्षरांशी जोडणे या मेंदूच्या कामात आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगे आणि असे व्यायाम यांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. नातीची नजर नेत्रतज्ज्ञांकडून एकदा अवश्य तपासून घ्या, कारण नंबर असेल तर साधा चष्मा लागेलच. उरलेले पैसे चांगल्या विशेष शिक्षकाच्या शिकवणीसाठी ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीत आहे. त्याला तोंडी सर्व येते. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉची हकिकत तो अशी सांगतो की ऐकत राहावे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली, हे त्याला तारखेसह पाठ आहे. कागदावर मात्र चार ओळी येतात आणि "हुतात्मा" हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला असतो. मी त्याला फोनवर बोलून गृहपाठ लिहू दिला आणि तो छापून वहीत चिकटवला. शिक्षकांनी "ही फसवणूक आहे" असे वहीत लिहून पाठवले. शिवाय फोनने "धनशेट्टी"चे "धन शेती" केले होते, ते आम्हा दोघांनाही दिसले नाही. दहावीला याचे काय होणार?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : फसवणूक कशाला म्हणायचे हे त्या प्रश्नात काय तपासले जात आहे यावर ठरते. शुद्धलेखनाच्या तासाला मुलाने फोनकडून शब्द लिहून घेतले तर ती फसवणूक होईल. इतिहासाच्या उत्तरात चार हुतात्म्यांचे बलिदान त्याला समजले आहे का, हे पाहायचे असते, आणि ते त्याला समजले आहे; उत्तर त्याचे, वाक्ये त्याची, फक्त अक्षरे फोनची. शिक्षकांना भेटून हा फरक शांतपणे सांगा, आणि भेटीला मुलाला सोबत न्या. त्याला तिथे ती हकिकत तोंडी सांगू द्या. वहीवरचा शेरा लिहिणाऱ्या शिक्षकांनी ती बहुधा कधी ऐकलेली नसेल.

"धन शेती" ही चूक मात्र दोघांच्याही नजरेतून सुटली, याकडे मी जास्त लक्ष देईन. माणसांची आणि गावांची नावे हा बोलून लिहिण्यातला सर्वांत कच्चा दुवा आहे, कारण प्रणाली नेहमीच्या शब्दांकडे झुकते. त्या धड्यातली नावे फोनच्या कीबोर्डमधील वैयक्तिक शब्दकोशात एकदाच अचूक लिहून ठेवा आणि प्रत्येकाला दोन अक्षरांची खूण द्या. मजकूर बोलताना नावाच्या जागी थांबायचे, खुणेची दोन अक्षरे दाबायची, पूर्ण नाव पुढे येते. त्यानंतर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ऐकून तपासायचे. हे तपासणे मुलाने स्वतः करावे, तुम्ही नाही.

दहावीविषयी आतापासूनच हालचाल केली पाहिजे, आणि आठवी हे योग्य वर्ष आहे. महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ सालीच परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती त्यांत येतात. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांमध्ये भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटे सांगितला आहे. यासाठी प्रमाणपत्र लागते. त्याच वर्षीच्या तपासणीविषयक सूचनांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतर मिळते, १४ व्या आणि १८ व्या वर्षी तपासणी पुन्हा करावी लागते, आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. तुमच्या मुलाचे वय पाहता १४ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास तपासणीची वेळ ठरवली तर तेच प्रमाणपत्र दहावीला उपयोगी पडेल. प्रमाणपत्रासाठी नेमलेले रुग्णालय कोणते आणि मंडळाकडे अर्ज कधी करायचा, हे मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्या. तारीख हुकली की पुढे फार धावपळ होते. माझ्याकडे दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर रडत आलेले पालक असतात.

आता एक गोष्ट, जी सवलतींच्या कागदांत लिहिलेली नसते. परीक्षेच्या खोलीत मुलासमोर फोन नसेल, लेखनिक असेल, आणि लेखनिकाला सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. घरी सुरेख हकिकत सांगणारी मुले तिथे गोंधळतात, कारण हकिकत सांगताना आपण मागेपुढे जातो आणि उत्तर सांगताना वाक्य मनात पूर्ण करून मगच तोंडाबाहेर काढावे लागते. फोनवर बोलून लिहिण्याचा सराव इथे कामी येतो, कारण फोनही अर्धवट वाक्य तसेच अर्धवट लिहितो. आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला लेखनिक म्हणून बसवा. त्याने जे ऐकू येईल तेच लिहावे, स्वतःहून काही सुधारू नये. तुमच्या मुलाने "पूर्णविराम", "नवा परिच्छेद" हे शब्द मोठ्याने उच्चारावेत, आणि शेवटी "आता वाचून दाखव" असे म्हणण्याची सवय लावून घ्यावी.

या सर्वांसोबत वाचन शिकवणे सुरू ठेवा. काही पालक फोन हातात देऊन निश्चिंत होतात, त्याचे मला वाईट वाटते. शब्दातले ध्वनी सुटे करण्याचा खेळ रोज दहा मिनिटे पुरे: "हुतात्मा" म्हण, आता "हु" काढून म्हण, आता शेवटचा "मा" काढून म्हण. परातीत ज्वारीचे पीठ पसरून त्यात "त्मा" बोटाने काढायला लावा, काढताना तोंडाने उच्चारायला लावा. त् अर्धा आहे हे बोटाला कळले की डोळ्यालाही कळू लागते.

आणखी एक. प्रमाणपत्रात टक्केवारी कमी आली म्हणून कोणी लेखनिक नाकारला, तर निराश होऊन परत येऊ नका. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी असा निर्णय दिला आहे की लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवाराला दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्या निर्णयाची प्रत अर्जाला जोडा.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत सोलापुरी मराठी, कॉलेजात पुस्तकी मराठी. मला डिस्लेक्सिया असल्याचे शाळेत असतानाच कळले. नोट्स काढण्यासाठी मी बोलून टाइप करते, पण फोनला माझे बोलणे कळत नाही. "तो हिशोब करलालाय" म्हटले की भलतेच शब्द येतात. शेजारी दिवसभर माग चालू असतात. मैत्रिणी म्हणतात, आधी शुद्ध बोलायला शिक. तीन भाषांमुळेच माझे असे झाले का?
– एक विद्यार्थिनी, पूर्व भाग

उत्तर : तीन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. ज्याला तो असतो त्याला तो एका भाषेतही असतो आणि तिन्ही भाषांतही. तुझ्या वाट्याला एवढेच की तेलुगू आणि मराठी या दोन वेगळ्या लिप्या आणि इंग्रजी तिसरी, असे तीन डोंगर आले. घरात तेलुगू बोलणे सोडू नकोस.

फोनला तुझे मराठी कळत नाही, यात तुझ्या मराठीचा दोष नाही. गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये आली. अशी प्रणाली जे बोलणे तिला पुष्कळ ऐकवले गेले तेच नीट ओळखते, आणि ऐकवलेल्या मराठीत प्रमाण बोली जास्त असते. "करलालाय" तिच्या कानांवरून फारसे गेलेलेच नसते, म्हणून ती जवळचा दुसरा शब्द शोधते. नोट्स शेवटी प्रमाण मराठीतच लिहायच्या आहेत, तेव्हा कामाच्या सोयीसाठी तेवढ्यापुरते "करतो आहे" म्हणावे. मैत्रिणींना मात्र सांग की "करलालाय" अशुद्ध नाही. ते सोलापूरचे आहे.

दोन टप्प्यांत काम करून पाहा. आधी रेकॉर्डर चालू करून धडा स्वतःच्या बोलीत, तेलुगू मिसळले तरी चालेल, स्वतःला समजावून सांग. मग ते ऐकत ऐकत एकेक वाक्य प्रमाण मराठीत माइकवर बोल. विचार आणि लिखाण एकाच वेळी करण्याचा ताण याने बराच कमी होतो. बोलताना शब्द तोडून, ओरडून किंवा अति सावकाश बोलू नकोस. प्रणाली शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधत असल्याने सुटा शब्द तिला कमी कळतो आणि नेहमीच्या लयीतले पूर्ण वाक्य जास्त कळते. विरामचिन्हे मराठीत बहुतेक वेळा नंतर हाताने घालावी लागतात, तेव्हा प्रत्येक वाक्यानंतर नवी ओळ घ्यावी, म्हणजे वाक्ये एकमेकांत घुसत नाहीत. मागांच्या आवाजासाठी महाग उपकरण नको. तारेच्या साध्या इअरफोनचा माइक तोंडाजवळ धरला तर फोनला मागापेक्षा तुझा आवाज जास्त ऐकू येतो. लेखाकर्माच्या नोट्समध्ये "जमा" आणि "नावे" हे शब्द ऐकून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, तिथे एका शब्दाने ताळेबंद फिरतो. बँकेचा पिन, ओटीपी, आधार क्रमांक माइकवर कधीही बोलू नकोस. बोललेला आवाज अनेकदा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जातो.

वेळ मिळाला तर आणखी एक काम कर. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या भाषिणी या प्रकल्पात "भाषादान" नावाची सोय आहे, जिथे कोणालाही आपल्या भाषेतली वाक्ये बोलून देता येतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या उपक्रमातही मराठी आहे. पूर्व भागातल्या मुलींचे आवाज तिथे पोहोचले, तर तुझ्यामागून येणाऱ्या मुलीला कमी त्रास होईल. वाक्ये पडद्यावर वाचून बोलायची असतात, ते जड जाईल. आधी फोनकडून वाक्य ऐक आणि मग बोल.

तुझे पत्र चार पानांचे होते, आणि ते लिहायला किती वेळ लागला असेल याची मला कल्पना आहे. या स्तंभासाठी ध्वनिमुद्रित प्रश्नही स्वीकारावेत, अशी विनंती मी संपादकांना केली होती आणि ती त्यांनी मान्य केली आहे. पुढचा प्रश्न बोलून पाठव. तेलुगूत पाठवलास तरी चालेल, मी शेजारच्या काकूंकडून समजून घेईन.